कुकरची शिटी गेली कुठे?

"कॅसेटची चोरी? अहो, भंगारवालासुद्धा घेत नाही!" शौनक खिदळला.

"तू गप्प बस," इरावती म्हणाली. ती खाजगी गुप्तहेर, तो तिचा मदतनीस. मदत सोडून बाकी सगळं करायचा.

दोघं मुलुंडला रुक्मिणीबाईंच्या घरी बसले होते. बाईंचे यजमान भजनीबुवा. ते गेले आणि मागे त्यांच्या आवाजाची घरी भरलेली एकच कॅसेट उरली, नव्वद मिनिटांची. पुतण्या नितेशने इथल्याच टेपरेकॉर्डरवरून ती खिशातल्या प्लेअरवर उतरवून दिली. त्याच दिवशी कॅसेट गायब.

"भाजी घेऊन अर्ध्या तासात आले, तर काम झालेलंसुद्धा," बाई म्हणाल्या. "भजनं तीच, आवाज ह्यांचाच. पण आमच्या कुकरची शिटी नाही त्यात. मला माझी कॅसेट हवी."

"काकी, लॅपटॉपमधला एन्कोडर मी स्वतः सेट केलाय. फालतू आवाज तो काढून टाकतो," नितेश रुबाबात म्हणाला. कानातला इयरफोन काढायची तसदीही त्याने घेतली नव्हती. "चोर हे जयवंतकाका. त्या दिवशी चहाला आलेले ना!"

पखवाज वाजवणारे म्हातारे जयवंत लालबुंद झाले. "मी? अरे, मंडळाच्या कार्यक्रमात बुवा गायले त्याचं रेकॉर्डिंग मीच तुला मोबाइलवर पाठवलं. कॅसेटचं मला काय लोणचं घालायचंय?"

"टेपरेकॉर्डर लाव बघू," इरावती म्हणाली.

"बिघडलाय. झाकण अडकलंय," नितेश पुटपुटला.

इरावतीने कपाळाला हात लावला. "शौनक, नव्वद मिनिटांची कॅसेट किती वेळ वाजते?"

"नव्वद... मिनिटं?"

"बघ, तुलासुद्धा जमलं. ह्या दीडशहाण्याला नाही. एन्कोडर फाईल छोटी करतो, दोन मिनिटांत. पण आधी कॅसेट पूर्ण वाजवून भरून घ्यावी लागते. अर्ध्या तासात काय भरलं ह्याने? काकांनी पाठवलेलं रेकॉर्डिंग! स्टेजवर कुठला आलाय कुकर? आणि एन्कोडर काही शिट्या वेचत बसत नाही. कॅसेट लावली, रीळ गुंतलं, ह्याची तंतरली. ती अजून त्या झाकणाआड आहे. आणि आपली चूक झाकायला बापाच्या वयाच्या माणसाला चोर केलं. लाज वाटते का रे?"

नितेशने मान खाली घातली.

इरावतीने स्क्रू-ड्रायव्हरने झाकण उचकटलं. रीळ चुरगळलं होतं, तुटलं नव्हतं. पेन्सिल घालून तिने ते हळूहळू गुंडाळलं आणि कॅसेट लावली.

खरखर झाली. बुवांचा आवाज आला. मग कुकरची शिटी, आणि भजन मध्येच थांबवून बुवा ओरडले, "रुक्मिणी, गॅस बंद कर गो!"

"केला हो," बाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. जयवंतांनीही चष्मा काढून पुसला.

नितेश हळूच उठू लागला. इरावतीने खांदा धरून त्याला खाली बसवलं.

"लॅपटॉप जोड. पूर्ण नव्वद मिनिटं बसायचं इथे. आणि तो इयरफोन काढ, गाढवा."