सव्वा एकोणीस इंच

हलक्या पिकअपच्या नाकावर बर्फ लोटायचा साडेतीनशे पौंडांचा फाळ टांगला की ती काय करते, हे रेनो कांगासला कोणी सांगायची गरज नव्हती. ती मान खाली घालते. पुढची चाकं मडगार्डात शिरतात, ढुंगण वर येतं आणि दिवे रस्ता सोडून स्वतःच्या नाकासमोरची चार हात जमीन दाखवत बसतात. अशी गाडी बर्फ लोटत नाही, बर्फात तोंड खुपसते. लून बेटावर एकतीस वर्षं गॅरेज चालवताना रेनोने अशा कितीतरी गाड्या ओढून काढल्या होत्या आणि प्रत्येक मालकाला एकच प्रश्न विचारला होता, "आधी टेप लावली होतीस का?" कोणीच लावलेली नसायची. माणसांच्या अंदाजावर रेनोचा काडीचा विश्वास नव्हता.

या हिवाळ्यात त्याच्यावरच ती वेळ आली. बेटाभोवतीचं सरोवर उशिरा गोठलं, आणि गोठलं तेही नाइलाजाने गोठल्यासारखं. बेटापासून पलीकडच्या ॲशबी गावापर्यंतचा रस्ता बर्फावरून अडीच मैल जातो. नाताळ झाल्यावर घराघरांतून टाकून दिलेली झाडं बर्फात रोवून तो आखतात. पंचवीस झाडं, प्रत्येकावर नंबराची पाटी. रस्ता कुठून न्यायचा आणि त्यावर किती वजन सोडायचं, हे डेलमार ठरवायचा. डेलमार ओजिब्वे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, रेनोचा शेजारी आणि त्याच्याच वयाचा. गिरमिटाने बर्फाला भोक पाडून जाडी बघण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. यंदा त्याने जाहीर करून टाकलं की पाच हजार पौंडांवर काहीही बर्फावर जाणार नाही. म्हणजे फाळाचा मोठा ट्रक काठावरच राहिला. पण रस्ता मोकळा राहायलाच हवा होता, कारण रेनोच्या बायकोला, आयलीला, आठवड्यातून तीनदा ॲशबीच्या दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागायचं.

म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी रेनोने आपली जुनी छोटी पिकअप गॅरेजात घेतली. फाळ लावायच्या आधी त्याने चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंत टेप लावली. पावणेवीस इंच. फाळ चढवला. साडेसतरा.

"सव्वादोन इंच बसली," तो म्हणाला.

"मीही बसले असते," आयली म्हणाली. ती गॅरेजातल्या जुन्या लाकडी खुर्चीवर, घोंगडी पांघरून, तोंडात बर्फाचा खडा चघळत बसली होती. डायलिसिसमुळे दिवसाला चारच कप पाणी मिळायचं, त्यातला एक कप ती असा बर्फ करून पुरवून पुरवून खायची. ती हलली की खुर्ची करकरायची. "ऐकलंस? तुझी खुर्ची मला जाडी म्हणते."

"मी काही बोललो का?"

"चाळीस वर्षं कुठे काही बोललास?"

या गाडीला पुढे गोल स्प्रिंग नव्हत्या, पिळाच्या सळया होत्या. चाक दाबलं जाईल तशी सळई पिळली जाते आणि उलट जोर लावते. टोकाचा बोल्ट आवळला की गाडी वर येते. पण फार आवळला तर टायर एका कडेने झिजतात आणि प्रत्येक खड्डा कमरेत बसतो. रेनोने दोन्ही बाजूंना चार चार आटे दिले, थांबला, अर्धा परत सोडला. धक्का झेलायला आतून रबरी गट्टू बसवले. फाळाचं वजन तोलायला मागच्या आसामागे वाळूची पोती ठेवायला हवी होती. एरवी त्याने चार ठेवली असती, पण इथे एकेक पौंड बर्फावर जाणार होता. त्याने दोनच ठेवली, मागच्या फळीला टेकवून, घट्ट बांधून. आणखी दोन पोती त्याने ड्रायव्हरच्या जागी बसवली आणि खाली वाकून डावीकडे टेप लावली.

"हा मी," तो म्हणाला.

"तुझ्यापेक्षा बोलका दिसतोय."

उजवीकडे सव्वा एकोणीस. मग आयली उठून शेजारच्या जागेवर बसली. रेनोने पुन्हा टेप लावली. बरोबर एकोणीस. पाव इंच. आपल्या बायकोचं वजन या गाडीला पाव इंच कळतं, हे त्याने वहीत लिहिलं, आणि का कोण जाणे, त्याला ते लिहिताना बरं वाटलं.

पहिल्या दिवशी तो एकटाच गेला. काचा खाली, पट्टा सोडलेला. बर्फावर सगळे असेच जातात, म्हणजे वेळ आली तर बाहेर पडता येतं. फाळ नीट चालत होता. दिवे सरळ होते. चौदाव्या झाडापाशी फाळाची एक खीळ खडखडली म्हणून तो उतरला, खीळ ठोकली आणि सवयीने खिशातली टेप काढून उजव्या चाकाला लावली.

साडेवीस.

त्याने टेप पुसली. पुन्हा लावली. फाळ उचललेला होता, सगळा भार पुढच्या चाकांवर होता, आणि तरीही गाडी रिकामी होती तेव्हापेक्षाही पाऊण इंच वर होती. चाकं बर्फावर टेकलेली त्याला दिसत होती. पण टेकलेली म्हणजे नुसती टेकलेली, आपण झोपलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवतो तशी. त्याने फाळाला हात लावून पाहिला. फाळ जागेवर होता. वारा नव्हता. बर्फाखालून एक लांबलचक, खोल आवाज आला. तसे येतातच, सरोवर रात्रंदिवस कण्हत असतं. हा मात्र बराच वेळ चालला.

घरी येऊन मोजलं. सव्वा एकोणीस.

"थंडीने रबर आखडलं असेल," त्याने आयलीला सांगितलं.

"आखडल्यावर वर येतं?"

"तू कॉफी दे."

दोन दिवसांनी त्याने डेलमारला बरोबर घेतलं. डेलमारने काठावर नेहमीप्रमाणे चिमूटभर तंबाखू सरोवराला नैवेद्य म्हणून बर्फावर ठेवली आणि मग गिरमीट खांद्यावर टाकलं. चौदाव्या झाडापाशी त्याने भोक पाडलं. सात इंच. चार दिवसांपूर्वी नऊ होता. पण डेलमार भोकाकडे बघत नव्हता. गाडीच्या मागे ताज्या भुरभुरीत बर्फावर चाकांच्या खुणा उठल्या होत्या, त्यांच्याकडे बघत होता. काठापासून त्या खोल, स्पष्ट येत होत्या. बाराव्या झाडानंतर उथळ होत गेल्या. इथे टायरची नक्षी बर्फावर जेमतेम उमटली होती.

"तुझी गाडी उपाशी आहे का रे?" डेलमार म्हणाला.

"टेप लाव," रेनो म्हणाला.

"मला नको तुझी टेप. आणि माझी आजी याला काय म्हणायची ते विचारू नकोस. ती बिंगोशिवाय कशावरच बोलायची नाही."

रेनोला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. भोकातलं पाणी काठोकाठ वर आलं होतं आणि हळूहळू खाली जात होतं. पुन्हा वर आलं. पुन्हा खाली गेलं. खाली कोणीतरी संथपणे श्वास घ्यावा तसं. दोघांनी ते पाहिलं. मग डेलमारने गिरमीट पुसून पुन्हा खांद्यावर टाकलं.

रविवारी वादळ आलं. सोमवारचं डायलिसिस चुकलं. बर्फ कच्चा असला की माणसं नेणारी पंख्याची होडी होती, तिचं इंजिन मंगळवारी बसलं. वाऱ्यात हेलिकॉप्टर उडेना. बुधवारही गेला. गुरुवारी सकाळी आयलीचे पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि तिला आडवं होता येत नव्हतं, छातीत पाणी भरत होतं. दवाखान्यातली नर्स फोनवर म्हणाली, "आजच आणा. उद्या नाही."

डेलमार काठावर गाडीला आडवा उभा होता. "काल गिरमीट घेऊन निघालो होतो, तेराच्या पुढे जाऊ शकलो नाही. पुढे काय आहे मला माहीत नाही, रेनो."

"मग बाजूला हो."

"मी म्हणतोय की मला माहीत नाही."

"मी ऐकलं. बाजूला हो, बाबा."

डेलमारने मागची दोन्ही पोती सोडून खाली ओढली. दीडशे पौंड कमी झाले. मग त्याने आयलीच्या खिडकीतून हात घालून तिचा हात दाबला आणि बाजूला झाला.

काचा खाली. बर्फाचे कण डोळ्यांत टोचत होते. रेनो फाळाने भुसभुशीत ढीग बाजूला सारत झाडं मोजत होता. चार. पाच. आयली तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती, प्रत्येक श्वासाला आत पाणी खदखदत होतं. नऊ. दहा. त्याला तिच्याशी बोलायचं होतं, पण बोललो तर मोजणं चुकेल अशी भीती वाटत होती.

बारा. तेरा.

चौदावं झाड आलं नाही.

त्याने फाळ उचलला. समोर सगळं पांढरं होतं. मागे बर्फ कडाडून फुटला, एकदाच, लांबवर. थांबलो तर बुडालो, एवढं त्याला कळत होतं. त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय तसाच ठेवला.

मग चाकांचा आवाज थांबला.

इंजिन चालू होतं. स्टिअरिंग हातात पिसासारखं हलकं झालं होतं. वायपर फिरत होते. चाकांखाली मात्र काहीच वाजत नव्हतं.

"रेनो," आयली म्हणाली, "खाली बघू नकोस."

"काय आहे?"

"चालव. सरळ चालव."

तिने खिडकीतून मान बाहेर काढली होती आणि ती खाली बघत होती. खालून गार, जड, खोल पाण्याचा वास येत होता. गाडीचं नाक सावकाश वर उचललं गेलं, चढणीवर जातं तसं. सरोवरावर चढण नसते.

तिची खदखद थांबली होती. रेनोला वाटलं, संपलं. त्याने वळून पाहिलं. आयलीचे डोळे मोठे झाले होते. त्यात भीती नव्हती. लग्नाच्या दिवशीही त्याने तिचा चेहरा इतका भरून आलेला पाहिला नव्हता.

"किती मोठं आहे रे," ती हळूच म्हणाली.

तिने खिडकीतून हात बाहेर काढला, खांद्यापर्यंत, आणि खाली नेला. तिचा तळवा कशावर तरी टेकला. "कीतोस," ती म्हणाली. आजोळच्या भाषेतले आभार. एरवी ती ते फक्त जेवणानंतर मानायची.

चाकं पुन्हा वाजू लागली.

उजवीकडे झाड आलं. पाटीवर अठरा लिहिलं होतं.

दवाखान्यात वजन बघायला तिला खुर्चीच्या काट्यावर बसवलं. दोन वेळा चुकल्या होत्या, अंगात दहा पौंड तरी पाणी साठलं असणार, असं नर्सचं म्हणणं. पण पाय उतरले होते. छाती साफ होती. आणि काट्यावरचा आकडा स्थिरच होईना. वर जाई, खाली येई, पुन्हा सावकाश वर. नर्सने काट्याला दोन चापट्या मारल्या, स्वतः बसून पाहिलं तर काटा ठीक होता. शेवटी तिने मागच्या वेळचाच आकडा लिहिला. रेनो काट्याकडे बघत राहिला. तो संथ लयीतला चढउतार त्याने आधी पाहिला होता, पण त्या क्षणी त्याला फक्त आयली नीट श्वास घेते आहे एवढंच दिसत होतं, आणि तो भिंतीकडे तोंड करून रडला.

शनिवारी आभाळ निवळलं. डेलमारने नवा रस्ता आखला, जुन्यापासून बराच दूर. परत जाताना तो त्यांना मध्यावर भेटला. त्याने रेनोला बाजूला घेतलं.

"चौदा ते सतरा झाडं गेली. तिथे उघडं पाणी आहे, पाव मैलाच्या वर."

"आमच्यानंतर फुटलं असेल."

"तुझ्या खुणा कडेपर्यंत येतात. पलीकडे पुन्हा सुरू होतात." डेलमारने नाक पुसलं. "पण कड जुनी आहे, रेनो. तिच्यावर तीन दिवसांचा बर्फ साचला होता. तुझी खूण त्याच्यावरून गेली आहे."

आयली गाडीत बसून होती. रेनोने टेप काढली आणि उजव्या चाकाला लावली. सव्वा एकोणीस. गॅरेजात लावला होता तोच आकडा. त्याचा जीव भांड्यात पडला. जे काही होतं ते संपलं होतं, आता लोखंड लोखंडासारखं वागत होतं.

त्याला घरी पोचल्यावर आठवलं.

आयली तेव्हा गाडीत बसलेली होती.

त्याने गॅरेजाचं दार ओढून घेतलं. काठावरून आणलेली पोती पुन्हा मागे बांधली, दुसरी दोन ड्रायव्हरच्या जागी ठेवली. "जरा बस," तो म्हणाला. ती बसली. सव्वा एकोणीस. "उतर." ती उतरली. सव्वा एकोणीस. त्याने गाडी हाताने दाबून पाहिली. ती खाली गेली, परत वर आली. काहीही अडकलेलं नव्हतं.

"किती?" आयलीने विचारलं.

"एकोणीस," रेनो म्हणाला. "तू बसल्यावर एकोणीस. पाव इंच, नेहमीसारखं."

आयली त्याच्याकडे बघून हसली. तिचे गाल लाल होते, हात उबदार होते, दोन दिवसांत तिने बर्फाचा खडा मागितला नव्हता.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललास," ती म्हणाली.

मग ती मागे वळली, त्या जुन्या लाकडी खुर्चीपाशी गेली आणि सावकाश, सगळं अंग सोडून, तिच्यावर बसली. खुर्ची करकरली नाही.