दोन अर्धे पेले

चित्रपट संपला, दिवे लागले, आणि फिल्म सोसायटीच्या त्या छोट्या हॉलमध्ये नेहमीचं भांडण जुंपलं. शेवटच्या दृश्यात माणूस एकही नाही. नुसतं कॅफेतलं टेबल, दोन रिकाम्या खुर्च्या आणि कॉफीचे अर्धे भरलेले दोन पेले. चित्रपटातली ती दोघं शेवटी भेटली की नाही, यावर त्र्याण्णव साली तो इथे पहिल्यांदा दाखवल्यापासून तीन वर्षं कन्नड, तमिळ आणि इंग्रजीत वाद चालू होता.

"सोडून गेली ती," शाल्मली स्वतःशीच पुटपुटली. "अर्धी कॉफी टाकून."

"गेली कशावरून?" मागून मराठीत आवाज आला. "बाय-टू आहे की ते! एक कॉफी, दोघांत. अजून कुणी तोंडसुद्धा लावलं नाही."

ती वळली आणि... तिला हसूच फुटलं. सोमवारपासून मराठीत ती पहिल्यांदा बोलली होती, आणि चक्क उत्तर मिळालं होतं.

पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरात येऊन तिला वर्ष झालं होतं. ऑफिसात हिंदी-इंग्रजी, दुकानात 'स्वल्प', 'सरी' एवढंच तोडकंमोडकं कन्नड, हॉस्टेलच्या खोलीत कुणाशीच काही नाही. रविवार तर खायला उठायचा. मागून बोललेला तो महांतेश बेळगावचा, इथे बँकेत कारकून, तोही एकटाच. मग दर रविवारी चार वाजता, बंगळुरातल्या शिवाजीनगर बस स्टँडसमोरच्या हॉटेलात एक बाय-टू ठरूनच गेली.

"तुम्हाला सगळीकडे सोडून गेलेलंच का दिसतं हो?" तो विचारायचा.

"आणि तुम्हाला सगळीकडे कॉफी!"

चित्रपटावर तो तासभर बोले. स्वतःबद्दल विचारलं, की साखर ढवळत बसे. सहा महिने असेच गेले.

मग ऑफिसने तिला पुण्याला बदली देऊ केली. वर्षापूर्वी ती नाचली असती. आता त्याने फक्त 'जाऊ नका' म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "बघा की... घरचं गाव आहे." ती खोलीवर जाऊन रडली. सोमवारी होकार-नकार कळवायचा होता. रविवारी त्याला सरळच विचारायचं ठरवून ती निघाली, तर बस वाटेतच बंद पडली.

पावणेपाचला ती धापा टाकत हॉटेलात शिरली. नेहमीच्या टेबलाशी कुणी नव्हतं. दोन रिकाम्या खुर्च्या. दोन अर्धे पेले.

गेला तो... ती मागे फिरणार, तोच तिला त्याचं ते पहिलं बोलणं आठवलं. तिने वाकून पाहिलं. दोन्ही पेल्यांवर फेस तसाच होता. तिने बोट लावलं. गरम.

ती खुर्ची ओढून बसली. समोरची खुर्ची रिकामी होती, पण आज त्या रिकामपणाची तिला भीती वाटली नाही.

दहा मिनिटांनी महांतेश आला, घामाने निथळत. तिला पाहून दारातच थबकला.

"स्टँडवर होतो. एकेक बस बघत..." तो म्हणाला. "ही तिसरी बाय-टू. दोन गार झाल्या. वाटलं, जायचं ठरलं तुमचं."

"ठरायचंय. तुम्ही सांगा. चित्रपटाचं नको, तुमचं."

त्याचा हात साखरेकडे गेला. तिने वाटी आपल्याकडे ओढली.

"जाऊ नका," तो म्हणाला. मग खाली बघत, "अख्खी कॉफी एकट्यानं प्यायची सवय गेली हो माझी."

"मग अर्धीच प्या की," ती त्याच्याच हेलात म्हणाली, आणि तिने आपला पेला उचलला. "मी आहे इथेच."