खाण्याजोगा फोटो

माझ्या स्वयंपाकघरात मला न विचारता कोणी टोस्ट करून ठेवला, तर मी तो खाऊन बघणारच. माझी नोकरीच ती आहे. मिक्सर, ओव्हन, एअर फ्रायर बनवणाऱ्या कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर एक स्वयंपाकघर आहे. नव्या मशीनमध्ये काय चांगलं होतं ते तिथे मी शोधते, पुन्हा पुन्हा करून बघते, आणि मशीनबरोबर पाककृतींची जी पुस्तिका येते ती लिहिते. स्वयंपाकघर कंपनीचं आहे हे मान्य, पण तिथला चमचासुद्धा माझ्या परवानगीशिवाय हलत नाही.

तर त्या दिवशी सकाळी आत आले आणि ओट्यावर टोस्ट दिसला. काय देखणा होता म्हणून सांगू... सोनेरी कडा, वर नासपतीच्या पातळ चकत्या, त्यावरून ओघळलेलं चीज आणि सगळ्यावर एक ओली चमक. नव्या एअर फ्रायरसाठी मी फळं आणि चीजचा जो कुरकुरीत टोस्ट बसवला होता, हुबेहूब तोच. फक्त माझ्यापेक्षा सुंदर. माझा जीव जळला. मी तो उचलला आणि कचकन चावा घेतला.

"अहो, नका—" मागून कोणीतरी म्हणालं.

उशीर झाला होता. तोंडभर कपाटाच्या पॉलिशची चव पसरली. मी सिंकपाशी धावले, चूळ भरली, पुन्हा भरली. वळून बघते तर हातात बारीक ब्रश घेऊन एक उंच माणूस उभा. गळ्यात कॅमेरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि चेहऱ्यावर हसू दाबून धरल्याचे कष्ट.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"वार्निश. चमकायला लावलंय. आणि ते चीज नाही, मेण आहे. पिवळा रंग घालून."

"आणि नासपती?"

"नासपती खरी आहे," तो जरा ऐटीत म्हणाला. "तो खायचा टोस्ट नव्हता हो. फोटोचा होता. नशीब, एक फोटो आधीच काढून झालाय."

"मग त्याला टोस्ट म्हणू नका."

"पण समोर दिसेल ते तोंडात घालायला तुम्हाला सांगितलंय कोणी?"

"कंपनीनं. त्यासाठीच ठेवलंय मला."

आता मात्र त्याला हसू आवरलं नाही. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्याच्या आधी मिटतो, हे मी तेव्हाच पाहिलं. रागात असूनही पाहिलं... याचा मला आणखी राग आला.

तेवढ्यात आमच्या मॅडम आल्या. हा फोटोवाला त्यांनीच बोलावला होता. एअर फ्रायरच्या खोक्यावर माझ्या टोस्टचा फोटो जाणार होता, आणि आतल्या पुस्तिकेवर पहिल्यांदाच माझं नाव छापलं जाणार होतं. मी किती वाट पाहिली होती त्या नावाची, ते माझं मला माहीत.

"मॅडम, खोक्यावर मेण आणि वार्निश जाणार नाही," मी म्हणाले.

"अगं, सगळेच करतात. खरा टोस्ट दिव्यांखाली लगेच मान टाकतो."

"माझा टाकणार नाही."

मी उगाच ताठले नव्हते. माझी वहिनी लग्न होऊन आली तेव्हा एका डब्यावरचा फोटो बघून तिनं केक केला होता. तो काही तसा झाला नाही. बिचारीनं तो कोणाला दिसायच्या आत टाकून दिला, आणि पुढे कितीतरी दिवस ओव्हनला हात लावला नाही. 'मला नाही जमत हो,' म्हणायची. तिला जमत होतं. फोटोच खोटा होता, हे मला आत्ता, तोंडात वार्निश गेल्यावर कळलं. माझा टोस्ट बघून कोणाच्या घरी कोणी अशी खट्टू झालेली मला चालणार नव्हती.

मॅडमनी सुस्कारा सोडला. "ठीक आहे. उद्या जेवणाच्या सुट्टीआधी मला फोटो दाखवा. खऱ्याचा चांगला आला तर तो घेऊ. नाही आला तर हा वार्निशवाला जाईल."

"मग पुस्तिकेवर माझं नाव नको," मी म्हणाले. रागात बोलून गेले. पण शब्द मागे घेणाऱ्यातली मी नव्हे.

मॅडम गेल्या. फोटोवाला ब्रश धूत होता. "माझं मत कोणी विचारत नाहीये, तरी सांगतो. खऱ्या खाण्याचा चांगला फोटो निघत नाही."

"तुम्हाला काढता येत नसेल."

त्याचा हात नळाखाली थांबला. नेमकं दुखऱ्या जागी बोट पडलं होतं. "उद्या लवकर येतो," तो म्हणाला. "आणि टोस्ट लेचापेचा निघाला, तर ही कुरकूर बंद करायची."

"मी कुरकूर करते?"

"तुमचा टोस्टही एवढा कुरकुरीत नसेल."

संध्याकाळी घरी मी वहिनीला सगळं सांगितलं. त्याचा ब्रश, त्याचा आगाऊपणा, दुमडलेल्या बाह्या, आधी मिटणारा डोळा... वहिनी भाजी निवडता निवडता ऐकत होती.

"टोस्टची गोष्ट सांगत होतात ना तुम्ही?" तिनं विचारलं.

"तीच तर सांगतेय."

"हो का? टोस्टच्या बाह्या दुमडलेल्या होत्या?"

मी उठून दुसऱ्या खोलीत गेले.

सकाळी तो माझ्याही आधी हजर होता. दिवे उभे करून, मी चावलेला कालचा वार्निशवाला टोस्ट मधोमध मांडून काहीतरी मापं घेत होता.

"हा अजून इथे काय करतोय?" मी विचारलं.

"हा डमी. याला बसवून मी जागा ठरवणार. ज्याचा खरोखर फोटो निघतो, त्याला आमच्यात हिरो म्हणतात."

"आणि तुम्ही स्वतः यातले कोण?"

"ते तुम्ही चावून ठरवा. सवय आहे तुम्हाला."

मी ब्रेडकडे वळले, म्हणून माझा चेहरा त्याला दिसला नाही.

"एक सांगू?" तो म्हणाला. "चीज सगळ्यात वर ठेवा. दिसायला हवं."

खरं तर इथेच मी नाही म्हणायला हवं होतं. एअर फ्रायरच्या डोक्यावर पंखा असतो, आत वारं सुटतं, हलकी वस्तू टिकत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? पण त्याच्यासमोर 'जमणार नाही' हे शब्द तोंडातून निघेनात. नासपतीवर चीजचा चौकोनी काप अलगद ठेवला आणि मशीन चालू केलं. थोड्या वेळानं आतून फडफड ऐकू आली. मग वास... मग धूर.

मी टोपली ओढली. ब्रेड होता, नासपती होती.

"चीज कुठे गेलं?" त्यानं वाकून विचारलं.

"वर."

"वर म्हणजे?"

"उडालं. पंख्याखालच्या जाळीला चिकटलंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आणि आम्ही दोघं असे हसलो की शेवटी मला ओट्याला धरावं लागलं. "तुम्हाला माहीत होतं ना?" तो डोळे पुसत म्हणाला. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणाला असतात, बघा, नाही जमत हिला."

"नसतो म्हणालो," तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती.

मग दुसरं मशीन काढलं आणि माझ्या पद्धतीनं केलं. ब्रेडला खालून लोणी, वर लगेच चीज, त्यावर नासपती. चकत्या कापडानं टिपून अगदी कोरड्या केलेल्या. फळाच्या वजनानं चीज जागच्या जागी राहतं, आणि चीजमुळे फळाचं पाणी ब्रेडपर्यंत पोचत नाही. शेवटी वरून थोडं किसलेलं चीज, ते चकत्यांच्या फटींत शिरून बसतं. मी सांगत होते आणि तो ऐकत होता... मन लावून, ब्रेडकडे कमी आणि माझ्या हातांकडे जास्त बघत.

टोस्ट बाहेर आला तेव्हा सुरीनं टोकरला तरी खर्र वाजत होता. पण त्या दिव्यांखाली नेला, आणि तो एक दिवा सरकवतो न सरकवतो तोच चीजची चमक गेली, कडा मऊ पडल्या. मॅडम म्हणाल्या तेच झालं. टोस्टनं मान टाकली.

मी त्याच्या टोमण्याची वाट बघत उभी राहिले. घड्याळ पुढे सरकत होतं आणि माझं नाव पुस्तिकेवरून पुसलं जात होतं. त्यानं मात्र हात लांब करून एक दिवा बंद केला. मग दुसरा. मग सगळे.

"काय करताय?"

"टोस्ट चांगलाच आहे. दिवे मारतायत त्याला. चूक माझी." त्यानं टेबल उचलून खिडकीशी नेलं. बाहेर ढगाळलेलं होतं, उजेड मऊ आणि पांढरा. डमीला तिथे बसवून त्यानं सगळं जुळवलं आणि त्या जागेवरून नजर न काढता म्हणाला, "आता दुसरा करा. तो निघाला की याला हटवायचं, त्याला ठेवायचं आणि लगेच फोटो."

"ताटात नाही ठेवायचा. खाली वाफ कोंडते. जाळीवर ठेवू."

"तुम्ही म्हणाल तसं."

कोणी मला 'तुम्ही म्हणाल तसं' म्हटलं की मी साधारण संशय घेते. त्या वेळी नाही घेतला.

दुसरा टोस्ट जाळीवर आला. गरम, तांबूस, वर वाफेची बारीक रेघ. "मधून तोड," तो कॅमेऱ्यामागून म्हणाला. "सावकाश... दोन्ही हातांनी. चीज ताणलं जाऊ दे. हां. आता हलू नकोस. अशीच राहा..."

मी अशीच राहिले. बोटं भाजत होती, तरी राहिले. माझ्या हातांच्या इतक्या जवळ येऊन त्यानं श्वास रोखून धरला होता, आणि मी पण.

मग तो बराच वेळ कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत बसला.

"बिघडला का?" मी विचारलं.

त्यानं कॅमेरा माझ्याकडे वळवला. तडकलेली कड, सांडलेला चुरा, चीजची लांब तार, वाफ आणि माझी बोटं. असा टोस्ट घरी कोणालाही करता येईल, आणि केल्यावर असाच दिसेल. मला एकदम भरून आलं.

"तुमचा टोस्ट जिंकला," तो म्हणाला.

"आता तुमचा का? मघाशी तर 'हलू नकोस' होतं."

त्याचे कान लाल झाले. "कामाच्या भरात निघून गेलं."

"मी तक्रार केली का?"

मॅडम आल्या. फोटो त्यांनी जवळून पाहिला, लांबून पाहिला. "सुंदर आलाय. फक्त हा अंगठ्यावर भाजल्याचा डाग दिसतोय, तेवढा कॉम्प्युटरवर पुसून टाका."

डाग माझाच होता. ओव्हनच्या दारानं दिलेला, जुना. मी हात मागे घेतला.

"नाही पुसणार," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"या फोटोत सगळं खरं आहे, मॅडम. हात तेवढा खोटा नको. तो पुसायचा असेल तर कालचा वार्निशवाला घ्या. मग त्यावर माझंही नाव नको, आणि पुढच्या कामाला दुसरं कोणी बघा."

मला स्वतःचा अभिमान पहिल्यापासून आहे, तो मी लपवत नाही. पण दुसऱ्या कोणाचा एवढा अभिमान वाटण्याची ती पहिलीच वेळ. मी हात पुन्हा पुढे आणला आणि टोस्टचा उरलेला अर्धा भाग मॅडमना दिला. "आधी खाऊन बघा."

त्यांनी चावा घेतला. कर्र आवाज झाला तो दारापर्यंत ऐकू गेला असेल. मग दुसरा घास घेतला, मग तिसरा. सगळा संपवून, बोटं पुसून त्या म्हणाल्या, "राहू दे डाग. माणसानं केलाय हे तरी कळेल." आणि दारातून वळून मला म्हणाल्या, "नाव नीट लिहून पाठव, छापताना चुकायला नको."

त्यानं सामान आवरायला घेतलं. मी कोणाला थांब म्हणणाऱ्यातली नाही. म्हणून फक्त त्याच्या दिव्याचा एक स्टँड उचलला आणि लिफ्टपर्यंत गेले. अर्थात, जड सामान होतं.

"उद्या यायचं नाही ना तुम्हाला?" मी विचारलं.

"काम संपलं."

"हो. संपलंच."

लिफ्टच्या आकड्यांकडे दोघंही मोठ्या लक्षानं बघत राहिलो.

"मला वाटलं, तुम्ही काहीतरी बोलाल," तो म्हणाला.

"मी कशाला बोलू?"

"तेच. तुम्ही बोलणार नाही, मी बोलणार नाही. दोघांचीही नाकं वर." त्यानं हातातली बॅग खाली ठेवली. "बरं, मीच बोलतो. मला तुम्ही... म्हणजे मला तू—"

"काय ते एक ठरव आधी."

"तू. मला तू आवडतेस. आणि मी आधी बोललो म्हणून मी हरलो असं समजू नकोस."

"समजणार," मी म्हणाले. मान जरा वरच धरली. "मी तर तू मॅडमना नाही म्हणालास तेव्हाच ठरवून टाकलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलावंस म्हणून. तू मला आवडतोस. फार आवडतोस. आता बोलले ना?"

लिफ्ट आली, दार उघडलं, कोणी आत येत नाही असं पाहून बंद झालं आणि ती खाली निघून गेली. त्यानं हात पुढे केला. मी माझा त्याच्या हातात दिला, जसा होता तसा.