नमुना क्रमांक एक

हौसाबाई रासने यांना पहिल्या खेपेला एकेचाळीस मिळाले, दुसऱ्या खेपेला अडतीस. सत्तरच्या खाली गेलं की माणसाचा शब्द कायद्याने त्याचा राहत नसे. ब्याऐंशी वर्षांच्या या बाईने हृदयाच्या शस्त्रक्रियेला चक्क नकार दिला होता. पण तिच्या आवाजात एखादं यंत्रच बोललं असावं, असं भिंतीवरच्या सहजमापकाचं मत पडलं. नकार बाद. शस्त्रक्रिया उद्या सकाळी.

रुग्णालयाने डॉ. शर्वरी हुलवळे यांना बोलावलं. मापक त्यांनीच घडवलेला, आणि चाळीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता, निदान त्यांच्या मते. त्या ऐटीत आल्या आणि खाटेवरची बाई पाहून दारातच थबकल्या. जुन्नरच्या बाजारात बांगड्या भरणारी हौसामावशी होती ती.

यंत्रं कुणाच्याही आवाजात बोलू लागली, तेव्हा तरुण शर्वरीने ओळखलं होतं, की आवाज चोरता येतो, बोलण्याची ढब नाही. 'डोकं खाऊ नकोस' असं आपण म्हणतो, 'डोकं जेवू नकोस' म्हणत नाही, आणि हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. कुठला शब्द कुणाशेजारी सुखाने नांदतो, याचं मोजमाप म्हणजे सहजांक. मोजायला नमुना हवा, म्हणून ती मावशीच्या दुकानात अकराशे तास ध्वनिमुद्रण करत बसली. थट्टा, रुसवे, गिऱ्हाइकाला रागे भरणं, सगळं त्यात आलं. बांगडी फुटली तरी मावशी 'वाढली' म्हणायची, दुकान बंद करायचं तरी 'वाढवायचं'. अभद्र बोलायला कासारणीची जीभच वळत नसे. हे बोलणं मापकात 'नमुना क्रमांक एक' म्हणून बसलं.

"मावशी, तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

"खरं तेच. लई झालं, आता दुकान वाढवायचं. देवानं सुखानं वाढवू द्यावं. छातीला सुरी न्हाई लावायची."

भिंतीवर छत्तीस उमटले.

मग शर्वरीबाईंना उलगडा झाला. मापक जुनाट होऊ नये, म्हणून तो दरवर्षी त्या वर्षीच्या बोलण्यावरून स्वतःला ताजा करी. सोय त्यांचीच. पण आता शाळेतले धडे, सांत्वनाची पत्रं, नवराबायकोची भांडणंसुद्धा यंत्रं रचून देत, आणि माणसं जे कानावर पडे तेच बोलत. हे त्यांनी मावशीला जमेल तसं समजावलं.

"म्हंजी मी खोटी आन् ते भिंतीवरचं खरं?"

"तुम्ही खऱ्याच आहात. पण आता तसं कुणी बोलत नाही."

"तू बोलत व्हतीस की माझ्या दुकानात."

शर्वरीबाईंना लाज वाटली, अगदी मनापासून. त्यांच्या साक्षीलाही कायद्यात किंमत नव्हती. वशिला चालू नये म्हणून तो नियम त्यांनीच घालायला लावला होता. एकच वाट उरली. दुपारभर त्यांनी मावशीकडून दोन वाक्यं घोटून घेतली. मावशी तयारीची, उभा जन्म समोरच्याला रुचेल ते बोलण्यात गेलेला. दिवेलागणीला ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सर्व बाबींचा विचार करता मी या शस्त्रक्रियेस नकार देण्याचा निर्णय घेत आहे. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद."

सत्त्याण्णव. नकार मंजूर झाला. एवढंच पायजे व्हतं व्हय मेल्याला, म्हणून मावशी पोट धरून हसली.

मापकाने मग शिरस्त्याप्रमाणे पुढचं काम केलं. माणसाची खात्री पटली की त्याच्या नावावरची न जुळणारी ध्वनिमुद्रणं बनावट ठरवून पुसायची. अकराशे तासांना चार सेकंद पुरले. शर्वरीबाई थांबवायची कळ शोधत राहिल्या. पण लबाडांना हात घालता येऊ नये म्हणून त्यांनी ती ठेवलीच नव्हती.

"माझं दुकानातलं बोलणं हाय ना गं तुझ्याकडं? नातसुनेला ऐकवायचंय."

'पुसलं' हा शब्द ओठांवर आला होता. या बाईपुढे तो उच्चारवेना.

"वाढलं, मावशी."

मावशी काय ते समजली. तिने शर्वरीबाईंचा हात हातात घेतला आणि जुन्या सवयीने मनगटाचं माप चाचपत राहिली. दोघींच्या पाठीमागे भिंतीवर शर्वरीबाईंच्या बोलण्याचा नवा आकडा उमटला होता, चौतीस, आणि त्याखाली एक ओळ: वक्त्याची खात्री पटत नाही.