खानावळवालीचा दहावा आवाज

योगीराजला यातून काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकू. म्हणजे पुढे त्याची दया येऊन कुणी फसायला नको.

पाच माणसांचं हसू. आणि कोरमंगलातल्या एका हॉलमध्ये, चाळीस लोकांसमोर, मधल्या टेबलावरची खुर्ची.

बस्स. एवढ्यासाठी.

हे घडलेलं आहे. मानायचं नसेल त्यांनी खुशाल मानू नये, पण मग जेवायच्या आधी वाचू नये. यात स्मशान नाही, पिंपळ नाही, अमावस्या नाही. गेल्या हिवाळ्या-उन्हाळ्यातले रविवार आहेत, दुपारचे तीन वाजलेत आणि चामराजपेटच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावरची खोली आहे. खाली एळनीरवाला शहाळी सोलतोय. लख्ख ऊन.

भीतीला अंधार लागतोच असं नाही...

योगीराज निपाणीचा. नोकरी महादेवपुऱ्यात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रोज दीड तास बसमध्ये लोंबकळत तो चामराजपेटला परत यायचा, कारण तिथे अंबूबाई होत्या. घरमालकीण. पंचाहत्तरीच्या, एकट्या. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. भाड्यात जेवण धरलेलं नव्हतं. तरी रोज संध्याकाळी ताट वर यायचं. रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, सारू, वर तुपाची धार.

"ऊटा झालं काय तम्मा? स्वल्प आणखी घालू?"

ऊटा म्हणजे जेवण आणि तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. नातवाच्या वयाच्या पोरालाही त्या तम्माच म्हणायच्या. तो त्यांना अज्जी म्हणायचा. म्हणायला काय जातं.

दर रविवारी दुपारी योगीराज लॅपटॉपवर एक खेळ चालवायचा. पाच खेळाडू आपापल्या घरून जोडलेले. पडद्यावर नकाशा, फासे, जंगल, किल्ले. प्रत्येक खेळाडूचं एकेक पात्र. उरलेली सगळी माणसं, म्हणजे पहारेकरी, भिकारी, राजे, चोर, योगीराजच्या हातात. त्यांना एनपीसी म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये त्यांची यादी असते. नाव, चित्र, स्वभाव, आणि हवे असतील तर आवाजही. आवाजावर बोट ठेवलं की तो सगळ्यांना एकदम ऐकू जातो.

आता शंभर माणसं डोक्यातून काढायची तर डोकं लागतं. योगीराजने सोपा मार्ग काढला. त्याने माणसं उचलली.

एका संध्याकाळी मुद्द्यात केस निघाला. पांढरा, एकच. योगीराजने तो बोटांवर धरून बघितला, पुसला आणि मुद्दा खाल्ला. भूक होती ना.

पण पुढच्या रविवारी खेळात एक खानावळवाली म्हातारी आली. तिच्या पेजेत केस निघायचा. किती लांब, ते फाशावर ठरायचं. वीस बाजूंचा फासा टाकायचा, जेवढे पडतील तेवढ्या विती. खेळाडूने घशातून केस ओढून काढायचा, आणि म्हातारी विचारायची, "ऊटा झालं काय तम्मा?"

आवाज अंबूबाईंचाच. ताट घेताना खिशातला फोन चालू ठेवून योगीराजने तो टिपला होता. एकूण नऊ आवाज. वाढू का, पोट भरलं का, सारू तिखट झालं का...

पाचही जण हसून लोळले. पुण्याची अश्लेषा, कोरमंगलात पीजीत राहणारी, ती तर प्रत्येक रविवारी मागेच लागायची. "योगी, यार, म्हातारीला आण ना. ती नसली की बोअर होतं."

डिसेंबरातल्या एका रविवारी खेळ रंगात असताना जिन्यावर पावलं वाजली. योगीराजच्या कानांवर हेडफोन नव्हते. खोलीभर अंबूबाईंचा आवाज घुमत होता, त्यावर पाच जणांचं हसू, आणि अश्लेषा ओरडत होती, "ई, म्हातारीचा केस, ई..."

पावलं दाराशी थांबली.

मग... काहीच नाही.

खेळ संपल्यावर त्याने दार उघडलं. उंबऱ्याशी ताट होतं. वर दुसरं ताट झाकलेलं. चित्रान्न, लिंबू पिळलेला पिवळा भात. अजून कोमट.

दुसऱ्या दिवसापासून अंबूबाई डोक्याला पांढरं फडकं घट्ट बांधून स्वयंपाक करू लागल्या. एक बट दिसायची नाही. ताट वर यायचं, पण तोंडातून शब्द यायचा नाही. झालं का नाही, घालू का नाही. ताट ठेवायच्या आणि उतरायच्या.

योगीराजला कळलं होतं. न कळण्यासारखं त्यात काय होतं? त्याने इतकंच केलं, पुढच्या रविवारपासून हेडफोन लावले.

फेब्रुवारीत अंबूबाई गेल्या. झोपेत. डोक्याला फडकं तसंच.

दहाव्याला सगळे श्रीरंगपट्टणला गेले, कावेरीकाठी. मुलगी सोयराबाईने योगीराजलाही गाडीत बसवलं. तिच्या हातचं तूही खाल्लंस, म्हणाली. पिंड ठेवला. भिंतीवर कावळे होते, आठ-दहा. पण सगळे पाठ करून बसलेले.

सोयराबाईने तुळस सांभाळायचा शब्द दिला. अंबूबाईंचे भाऊ नागोजी यांनी घर मोडणार नाही म्हणून सांगितलं. कुणी देवाचा दिवा कबूल केला, कुणी मांजराचं दूध. तास गेला.

एकही कावळा वळला नाही.

नागोजींनी योगीराजकडे बघितलं. "तू सांग काही. तुझ्यावर जीव होता तिचा."

योगीराज पुढे झाला. हात जोडले. कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला, "अज्जी, तुम्हाला त्या खेळातून काढून टाकतो. आजच."

'आजच' तोंडातून निघायच्या आत कावळा पिंडावर होता.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कावळ्याने भातातून काय ओढलं ते फक्त योगीराजने पाहिलं. लांब... पांढरं... संपतच नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने यादी उघडली. खानावळवालीच्या नावापुढे दोन पर्याय होते. काढून टाका. लपवा.

लपवलं की पात्र खेळाडूंना दिसत नाही, मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, यादीत मात्र राहतं. केव्हाही परत आणता येतं. काढणं आणि झाकणं यातला फरक योगीराजला चांगला ठाऊक होता. मेलेल्या माणसाला कुठला ठाऊक असणार, हा त्याचा हिशेब.

त्याने लपवलं.

सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये दहीभातात केस निघाला. पांढरा. त्याने ताट ढकललं.

मंगळवारी बिस्किटांचा पुडा स्वतः फोडला. दुसऱ्या बिस्किटात, मधोमध, भाजलेला केस.

बुधवारी त्याने अंडं उकडलं. स्वतःच्या हाताने सोललं. अंड्याच्या आत कुणाचा केस जाणार? त्याने अर्धं चावलं... आणि उरलेलं अर्धं तोंडाला लोंबत राहिलं. पिवळ्या बलकातून निघालेल्या एका केसावर.

खोबरेल तेलाचा खवट वास. जिभेवर, टाळूवर. चूळ भरली तरी जाईना.

रविवारी त्याने लपवलेलं पात्र उघडून पाहिलं. आवाज नऊ होते. त्याने स्वतः टिपलेले, मोजलेले.

यादीत दहा होते.

दहाव्याला नाव नव्हतं. लांबी फक्त सात सेकंद. त्याने बोट पुढे नेलं... आणि मागे घेतलं.

आता तरी काढून टाकायचं की नाही? कुणीही काढलं असतं. पण त्याच दुपारी कोरमंगलात भरणाऱ्या, असे खेळ खेळणाऱ्यांच्या मेळाव्यातून निरोप आला. मधलं टेबल तुझं. अट एकच, ती म्हातारी हवी. अश्लेषाने सगळीकडे तिचं नाव केलं होतं.

योगीराजने बसून तोललं. एका पारड्यात काही केस. दुसऱ्या पारड्यात चाळीस माणसं. एवढा एक रविवार, मग काढूच.

लपवलेली म्हातारी त्याने परत बाहेर आणली.

मेळावा दुपारी तीनला सुरू झाला. पाचही खेळाडू पहिल्यांदाच एका टेबलाभोवती. मागे मोठा पडदा. सगळे दिवे चालू. योगीराजने आठवडाभर नीट खाल्लेलं नव्हतं, गालफडं बसली होती. पण लोकांना ते झकास वाटलं. मास्टर भूमिकेत शिरलाय म्हणाले.

खानावळ आली. पहिला आवाज वाजला. "ऊटा झालं काय तम्मा?"

हॉल फुटला.

फासा पडद्यावर गरगरला. वीस. शिट्ट्या वाजल्या.

योगीराजचे हात मांडीवर होते. लॅपटॉपला त्याचा स्पर्शही नव्हता.

दहावा आवाज आपोआप सुरू झाला.

आधी फडकं सोडल्याचा आवाज. मग कंगवा... खस्स... खस्स... कुणीतरी सावकाश, मुळापासून टोकापर्यंत केस विंचरतंय. सात सेकंद झाले. पंधरा झाले. विंचरणं थांबेना.

मग अगदी जवळून, मायेने...

"माझं झालं, तम्मा. आता तू."

योगीराज खोकला. परत खोकला. दोन बोटं तोंडात घातली आणि ओढू लागला.

पांढरा केस. ओला, लाळेने चिकट. तो ओढत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, केस टेबलावर वेटोळी करून पडत होता आणि तो ओढतच होता. तेलाचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत गेला.

आणि लोक हसत होते. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. सगळ्यांत जास्त ते तेव्हाच हसले. काय ट्रिक आहे, म्हणाले. टाळ्या वाजवल्या.

अश्लेषाचं हसू आधी थांबलं. ती सर्वांत जवळ बसली होती. केसाचं शेवटचं टोक बाहेर आलं तेव्हा त्याला मूळ होतं. मुळाशी रक्त.

लोक गेल्यावर तिने तो टेबलावर सरळ करून मोजला.

वीस विती. ना कमी, ना जास्त.

तिनेच योगीराजचा लॅपटॉप घेऊन खानावळवालीला यादीतून काढलं. लपवलं नाही, काढलं. नऊ आवाज पुसले गेले. दहावा तिला कुठे सापडलाच नाही.

योगीराज आता निपाणीला असतो. आई तांदळाची पेज फडक्यातून तीनदा गाळून देते. तो आधी बोट घालून ढवळतो, मग उजेडात धरतो, मग बहुतेक वेळा ठेवून देतो. बोलत नाही. आईने जेवण झालं का विचारलेलं त्याला सहन होत नाही.

तर जमाखर्च असा. अंबूबाईंनी रोजचं ताट दिलं, नऊ वाक्यं दिली आणि मरेपर्यंत डोकं झाकून घेतलं. योगीराजला खुर्ची मिळाली, दीड तास. त्याचे त्याने भरले, अजून भरतोय. मग अश्लेषा. पीजीच्या डब्यात केस, मेमध्ये. उरलेल्या चार खेळाडूंपैकी तिघे, जूनपर्यंत.

हॉलमधल्या चाळिसांची मोजणी कुणी केली नाही. ही हकिकत सांगणारा शेवटच्या रांगेत होता. तोही हसला होता, आणि टाळ्याही वाजवल्या होत्या.

त्याच्या ताटात अजून काही आलेलं नाही.

पण काल दुपारी, वरण-भाताचा पहिला घास घेताना, स्वयंपाकघरातून आवाज आला. घरात दुसरं कुणी नव्हतं.

खस्स... खस्स...

घास तसाच ताटात ठेवलाय.