पोटातलं ऐकणारा

"जरा मिनिटभर गप्प बसा हं," एवढंच तो म्हणाला आणि तिथेच घोळ झाला.

नेहमीचा ध्वनिमुद्रक आजारी पडला, म्हणून आयत्या वेळी हा आला होता. रेकॉर्डिंगच्या आधी हे लोक नुसत्या खोलीची शांतता टिपून घेतात. मी आहारतज्ज्ञ, पोटाच्या तब्येतीवर माझी ऐकायची मालिका चालू होती. कॉलरला इवलासा माइक, कमरेला त्याची डबी. मी श्वास रोखून बसले... आणि माझं पोट गुरगुरलं. चांगलं लांबलचक!

"खुर्ची करकरली," मी घाईघाईने म्हणाले.

त्याने हेडफोनचा एक कान वर उचलला. "असं होय? बिचारीने सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

आगाऊ मेला! माझे कान तापले. पण हसला मात्र असा की... जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक केळं होतं.

"हे काय?"

"खुर्चीसाठी," तो वायरी गुंडाळत म्हणाला.

"तिला म्हणावं," त्यानेच पुढे जोडलं, "चावून खा. तुम्हीच सांगता ना?"

सांगत होते खरी! निवांत बसून खा, वेळेवर झोपा, रोज चाला, डोक्यातला ताण पोटात उतरतो. एका गोळीने नि एका पावडरीने पोट सुधारत नाही, सगळ्या जगण्याचीच घडी बसवावी लागते. आणि मी? उभ्याउभ्या दोन घास कोंबायचे, रात्री जागायचं, मग पोट फुगलं की पर्समधली गोळी. कित्येक महिने हेच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! हे बाहेर फुटलं तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, या धास्तीने मी डॉक्टरकडेही गेले नव्हते. आणि या माणसाला तर कळायलाच नको होतं. का, ते विचारू नका... रोज नवा कुडता उगाच का घालत होते मी!

शेवटून दुसरा भाग गळक्या आतड्यावर होता. "आतड्याचं अस्तर सैल पडतं असं म्हणतात," मी मोठ्या ऐटीत बोलत होते, "पण पोटाच्या प्रत्येक कुरबुरीवर ते नाव चिकटवू नका. आधी डॉक्टरांना—"

पोटात अशी कळ आली की वाक्य तिथेच राहिलं. "आलेच हं," म्हणत मी धूम ठोकली ती थेट बाथरूममध्ये. तिथे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. जरा निभावल्यावर मी ताईला फोन लावला.

"ताई, मेले गं! पोट पार बिघडलंय. लोकांना शहाणपणा शिकवते आणि स्वतः गोळ्यांवर जगते. लाज वाटते गं मला... आणि नेमकं त्याच्यासमोर!"

"कोणाच्या?"

"तो हेडफोनवाला. काय छान हसतो गं ताई—"

आणि कमरेला हात गेला. डबीचा हिरवा दिवा चालू होता.

धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. मागच्या दाराने सटकले, रिक्षात बसून घरी आले आणि रडले. रडता रडता लक्षात आलं, कॉलरला त्याचा माइक तसाच आहे. म्हणजे परत जाणं आलंच!

सकाळी गेले. तो एकटाच होता. मी मान खाली घालून माइक टेबलावर ठेवला.

"किती ऐकलंत?"

"दार लागल्याचा आवाज आला, तसे मी हेडफोन काढले. पोट ज्याचं त्याचं असतं."

मी सुस्कारा सोडला.

"...पण बराच वेळ झाला. वाटलं, चक्कर बिक्कर आली की काय. म्हणून परत घातले." तो टेबलाकडे बघत होता. "लाज वाटते म्हणालात, तिथपासून ऐकलं. चुकलंच माझं. लगेच काढायला हवे होते, पण पुढे माझाच विषय निघाला..."

त्याचेही कान लाल झाले होते. मला रडूही येईना, हसूही येईना.

"मग आता सगळ्यांना सांगाल?"

"मी ऐकणारा माणूस आहे, बोलणारा नाही. डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही."

"उद्या जाऊ. मी बाहेर बसेन."

त्या 'जाऊ'ने माझा धीरच परत आला. मी खुर्चीत बसले, माइक लावला. "शेवटचा भाग आत्ताच घ्या. कागद नको."

आणि बोलले. माझंच पोट बरं नाही, जे सांगितलं ते मी स्वतः केलं नाही, शरमेपायी डॉक्टरही टाळला. तुम्ही असं करू नका. मधेच आवाज कापला. त्याने एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर मनावरचं ओझं उतरलं, पण त्याच्याकडे बघायची हिंमत होईना.

त्याने नुसतं केळं पुढे केलं. मी अर्धं मोडून त्याला दिलं. दोघांनी बसून, अगदी सावकाश खाल्लं.

"आता खोलीची शांतता राहिली," तो म्हणाला. "जरा मिनिटभर गप्प बसतेस?"

बसतेस! मी श्वास रोखला. पोट शहाण्यासारखं चूप होतं. तरी त्याने हेडफोन कानावर दाबून धरले, भुवया वर गेल्या.

"आवाज येतोय," तो हळूच म्हणाला.

"अरे देवा... परत पोट?"

"नाही. जरा वरून. धडधड."

मी माइकवर हात ठेवणार होते, झाकायला. नाही ठेवला. "ऐकलंस ना?" मी म्हणाले. "मग आता पुसू नकोस."