अकरावा पत्रा

ही हकिकत खरी आहे. ज्याच्या घरी ती घडली तो तोलोगोन कोचकोर गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो आणि मोजल्याशिवाय काहीही मानत नाही. त्याची नोंदवही मी स्वतः पाहिली आहे. दिवस ऑक्टोबरातला दुसरा गुरुवार. वेळ दुपारी पावणेपाच. रात्र नव्हती. चांगला उजेड होता.

सुरुवात छपरापासून झाली.

घरावर जुने सिमेंटचे पत्रे होते. त्यांना चिरा पडल्या होत्या, आणि पाणी नेमके त्याच्या आईच्या अंथरुणावर गळत असे. बिश्केक शहरात राहणारी बहीण फोनवर बजावत होती, "हिवाळ्याआधी छप्पर बदल, नाहीतर आपाला मी घेऊन जाते."

आपा म्हणजे आई. तिचे नाव बुरुलचा, वय चौऱ्याहत्तर. तिला घर सोडायचे नव्हते, आणि छप्परही बदलायचे नव्हते.

कारण रोज पावणेपाचला तिला वरून पावले ऐकू येत...

तिचा नवरा जुमाकादिर दोन वर्षांपूर्वी वारला. हयात असताना तो रोज त्याच वेळी शिडीने छपरावर चढे. खिळ्यांच्या ओळीवरून, एकेका पत्र्यावर एक, अशी अकरा पावले टाकी. मग आपाच्या खोलीवरच्या धुराड्यापाशी वाळत घातलेले कुरुत, म्हणजे दह्याचे गोळे, गोळा करी. घोड्यावरून पडल्यापासून त्याचा एक पाय आखूड होता. एक पाऊल जड, एक हलके.

"ऊन उतरलं की पत्रा आकसतो, आपा. त्याचा आवाज येतो," तोलोगोन समजावी.

"असेल. पण लंगडत आकसतो का रे तो?"

शेवटी छप्पर बदलायचे त्याने ठरवलेच, आणि पत्रा निवडायला तिलाही सोबत नेले.

मेलिसच्या दुकानात आपाने लोखंडी पत्र्याच्या प्रत्येक नमुन्यावर अंगठीने टकटक करून पाहिले.

"आपा, खरबूज नाही ते!" मेलिस हसला.

"खरबूजही कळतं मला, आणि दुकानदारही. हा निळा नको, पोलीस ठाणं वाटेल. तो पातळ दे. तो बोलतो."

"पातळ घेतलात आणि गारा पडल्या, तर मास्तरांना घरात खुणांनी बोलावं लागेल. अर्ध्या मिलिमीटरचा न्या. पत्र्याखाली आवाज अडवणारी ही जाड गादी घाला. वर घोडा नाचला तरी खाली झोप मोडायची नाही."

तोलोगोनने तपकिरी रंगाचा, अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा गादीसकट घेतला. आईला कोरड्या अंथरुणावर झोप लागावी म्हणून. वहीत त्याने दुसरे कारणही प्रामाणिकपणे लिहिले आहे. तिने ऐकणे थांबवावे म्हणून.

जुना पत्रा तिकडे कोणी फेकत नाही. बत्तीस निघाले, त्यांतला एक उतरवताना फुटला. उरलेले एकतीस त्याने मेंढ्यांच्या गोठ्यावर चढवले. फुटक्याचा मोठा तुकडा घराच्या दारासमोर चिखलात टाकला. पाय ठेवायला.

नवे छप्पर बसल्यावर पहिल्या दिवशी पावणेपाच वाजले. छपरावर काहीच नाही. पाच वाजले...

काहीच नाही.

आपाच्या हातातला चहा निवून गेला होता. "गेला," ती म्हणाली.

तेवढ्यात गोठ्याकडून आवाज आला...

टप्.

मेंढ्या अंगणात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. एकही आत शिरेना. एक जड पाऊल या टोकाला पडले. हलके पार त्या टोकाला. मग पुन्हा इकडे. मग मधेच कुठेतरी. पूर्वी अकराव्या पावलाला आवाज थांबत असे. आता तो थांबेचना. अंधार पडेपर्यंत चालूच राहिला.

"पत्रे कुठल्या क्रमानं लावलेस?" आपाने विचारले.

"क्रम कसला? हाताला येतील तसे."

"बापाची वाट मोडलीस, पोरा. आता शोधत फिरतोय बिचारा."

तिने आपले अंथरूण उचलले आणि गोठ्यात जाऊन घातले. तो विनवून थकला. चौथ्या दिवशी तिला खोकला जडला. बहिणीने कळवले, "शुक्रवारी गाडी घेऊन येते. आपा इथे राहणार नाही."

तोलोगोनने विचार केला. मानण्याची गरज नव्हती. प्रयोग स्वस्त होता.

"क्रम पूर्वीसारखा लावला, तर घरात झोपशील?"

"तो घरी पोचला, तर."

बापाच्या बुटांनी खिळ्यांच्या ओळीवरचे शेवाळ झिजवले होते. त्या खुणांवरून आणि चिरांच्या जुळणीवरून त्याने पत्रे ओळखले, खडूने आकडे घातले. असे दहाच सापडले. गुरुवारी दुपारपर्यंत ते गोठ्यावर ओळीने बसवून झाले. सकाळपासून आभाळ भरलेले. तापमान सहा अंश, अर्ध्या अंशाचाही फरक नाही. आज पत्रा आकसायला काही कारण नव्हते.

घरात आपा बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे गोळे, तळत होती. गुरुवारी तेलाचा वास दरवळू द्यायचा असतो, गेलेल्यांपर्यंत तो पोचतो. तोलोगोन घड्याळ आणि वही घेऊन खिडकीशी बसला.

पावणेपाच...

जड. हलके. जड. हलके.

ओळीने. न चुकता. त्याची पेन्सिल रेघा ओढत राहिली. आठ. नऊ. दहा...

थांबले.

"अकरावं कुठंय?" आपाने कढईवरून विचारले.

"तो पत्रा फुटला, आपा."

"तुकडा कुठे टाकलास?"

त्याला आठवले. तो उत्तर देणार, एवढ्यात...

टप्.

दाराबाहेर. अगदी उंबऱ्याशी. जड.

कढईतला बोरसोक करपू लागला.

"उघड," आपा म्हणाली. "आलेल्याला कोणी दारात ताटकळत ठेवतं का?"

त्याने दार उघडले.

बाहेर कोणी नव्हते. चिखलात एकही पाऊल उमटलेले नव्हते. पत्र्याचा तुकडा मात्र सकाळपेक्षा बोटभर खाली रुतला होता. हे त्याने नंतर पट्टीने मोजले.

मागे आपा कढई उतरवून बसायच्या गादीवर एका बाजूला सरकून बसली. बोरसोकची थाळी तिने मोकळ्या जागेपुढे ठेवली.

"दार लाव आता. गारठा येतोय."

त्याने दार लावले.

त्या रात्रीपासून आपा घरात झोपते. बहीण शुक्रवारी आली आणि रिकाम्या गाडीने परतली. खोकला गेला. मेंढ्या निमूट गोठ्यात जातात. गोठ्यावर पुन्हा आवाज झालेला नाही, आणि तोलोगोन रोज पावणेपाचला वहीत शून्य लिहितो.

त्याला हायसे वाटायला हवे. पण हल्ली तो दाराकडे तोंड करून बसतो.

वहीत आत आल्याची नोंद आहे.

बाहेर गेल्याची अजून नाही.